लग्नात काय वाजवायचं आणि कधी थांबवायचं: मराठवाड्यातल्या घरांसाठी

बस्ता बांधून झाला, कार्यालय ठरलं, पत्रिका छापायला गेली, की घरातली तरुण पोरं पहिला प्रश्न विचारतात, "डीजे कुणाचा सांगायचा?" क्रम इथंच चुकतो. डीजे, बँड, हलगी ही सगळी नंतरची गोष्ट. आपल्या घरच्या लग्नात कोणकोणते विधी होणार आणि त्यातल्या कोणत्या वेळी माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे, हे आधी ठरवायचं. मग वादक, आणि गाणी सगळ्यात शेवटी. या क्रमानं गेलं तर खर्च आटोक्यात राहतो, भांडणं कमी होतात आणि मंगलाष्टका मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीलाही ऐकू जातात.

आधी विधी लिहून काढा

आई, आत्या, घरातलं एखादं जाणतं माणूस आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्यासोबत तासभर बसा. हळद, देवक, मारुतीच्या पाराकडं जाणारा परण्या (नवरदेवाची मिरवणूक), मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, पंगती, लेकीला वाटं लावणं, वरात आणि नंतरचा गोंधळ किंवा जागरण, असं सगळं ओळीनं वहीत उतरवा. प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: किती वाजता, आवाज कुणाचा, आणि त्या वेळी बंद काय ठेवायचं. तिसरा रकाना बहुतेक घरं लिहीतच नाहीत. म्हणून मग कन्यादान चालू असतं आणि बाहेर बँजोवाला गाडीवर पॅडचा आवाज तपासत असतो.

ही यादी घराप्रमाणं बदलते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील, बुद्धवंदना, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि मग जयमंगल अष्टगाथा असते. प्रत्येक गाथेच्या शेवटी 'जयमंगलानि' म्हणताना फुलांच्या पाकळ्या टाकतात. इथं पाली उच्चार स्पष्ट असणारा माणूस आधी ठरवा. भीमगीतांचा कार्यक्रम मंगल परिणयाच्या आधी किंवा जेवणाच्या वेळी ठेवा, दोन्हींना न्याय मिळतो. लिंगायत घरांत, विशेषतः लातूर-धाराशिवकडं, बसवण्णांची वचनं म्हणणारं कुणीतरी नात्यात असतंच, त्यांना आवर्जून वेळ द्या. बंजारा तांड्यावर नगारा आणि थाळी तर हवीच, पण लेक सासरी जाताना गोरमाटी बोलीत जो ढावलो गातात त्याला दुसरं काही वाजत असून चालत नाही. मुस्लिम घरांत निकाहच्या वेळी वाद्य नसतं. हळदी-मेहंदीच्या रात्री बायका ढोलकीवर दख्खनी बोलीतली गाणी म्हणतात, संगीताची खरी जागा ती.

यादीतली वेळ मात्र खरी लिहा. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो आणि परण्या साडेबाराला अजून पारापाशीच नाचत असतो, हे चित्र आपल्याकडं नवं नाही. मे महिन्यात बाहेर पारा चाळीसच्या वर असतो, मांडवात लेकरं रडत असतात, म्हातारी माणसं पाण्यासाठी इकडंतिकडं बघत असतात. परण्यासाठी पाऊण तास पुरतो. नवरदेवाच्या मामाला किंवा चुलत्याला एकच काम द्या: ठरल्या वेळी वाजंत्री पुढं हलवायची. हे काम मित्रमंडळींकडं सोपवू नका, ते नाचण्यात असतात.

मंगलाष्टका

लग्नात सगळ्यात महत्त्वाचं संगीत हे, आणि सगळ्यात कमी विचार याचाच होतो. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे, हातात हार, आणि पाचशे माणसं हातात अक्षता घेऊन एकाच शब्दाची वाट बघतायत. ही पाच-दहा मिनिटं नीट गेली तर बाकीचं लग्न थोडं इकडंतिकडं झालेलं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पारंपरिक मंगलाष्टका शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बारा अक्षरांनंतर दम घ्यायची जागा, मग उरलेली सात. आपल्या गोदावरीचं नाव असलेली ओळच घ्या: 'गंगा सिंधु सरस्वती च यमुना', इथं थांबायचं, मग 'गोदावरी नर्मदा'. मोजून बघा, बारा आणि सात. घरातल्या काकूंनी किंवा मामांनी नवीन मंगलाष्टक रचलं असेल तर ते याच ओळीच्या चालीवर म्हणून बघायला सांगा. जिथं जीभ अडखळते तिथं अक्षर कमीजास्त झालेलं असतं किंवा ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ आलेलं असतं. 'शुभ मंगल सावधान' म्हणताना सगळा मांडव एकत्र यावा असं वाटत असेल तर वृत्त सांभाळावंच लागतं. सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर रचलेली मंगलाष्टका ऐकायला गंमत वाटते, पण लोकांना सावधान कुठं येणार ते कळत नाही, अक्षता कधीही पडतात आणि नवरी दचकते.

किती म्हणायच्या? संथ चालीत एका श्लोकाला साधारण मिनिटभर लागतं. माझं मत स्पष्ट आहे: गुरुजींच्या पाच आणि घरच्या दोन किंवा तीन, त्यापुढं जाऊ नये. दोन्ही घरांच्या सगळ्या नातेवाइकांची नावं एकेका कडव्यात गुंफण्याचा मोह होतो, तो आवरा. ज्यांची नावं येतात ते खूश होतात, ज्यांचं राहतं ते पुढची दहा वर्षं काढून दाखवतात. कडव्यात आईवडील, आजीआजोबा आणि कुलदैवत एवढंच असू द्या.

घरच्या मंगलाष्टका म्हणणाऱ्यांनी आदल्या दिवशी हळदीच्या गडबडीतून वेळ काढून एकदा माईकवर म्हणून बघावं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावं. मोबाईलवरून वाचताना मधेच फोन येतो. गाणारे दोघं-तिघं असतील तर सूर कुणी धरायचा ते ठरवा. बायका आणि पुरुष एकत्र म्हणणार असतील तर चाल बायकांच्या सोयीच्या सुरात ठेवा. पुरुषांना खाली उतरता येतं, बायकांना पुरुषांच्या पट्टीत ओढत म्हणावं लागलं की आवाज बसका येतो.

आता यातली नेमकी गोष्ट. शेवटी गुरुजी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव' म्हणायला लागले की अंतरपाट दूर व्हायची वेळ आली. त्याच क्षणी वाजंत्री सुरू व्हायला हवी, आधीही नाही आणि नंतरही नाही. बँडवाले मांडवाबाहेर सावलीत बसलेले असतात, त्यांना श्लोक ऐकू येत नाही. म्हणून बोहल्याजवळ एक जण आणि मांडवाच्या दाराशी दुसरा, असे दोघे उभे करा. 'तदेव लग्नं' ऐकलं की पहिल्यानं हात वर करायचा, दुसऱ्यानं वाजंत्र्यांना खूण करायची. गुरुजी शेवटचं सावधान म्हणेपर्यंत सनईवाल्याची फुंक तयार असते. ही व्यवस्था नसली की दोन सावधानांच्या मधेच कुणीतरी 'वाजवा रे वाजवा' ओरडतं आणि उरलेला श्लोक वाया जातो.

सनई, हलगी, बँड: सुपारी देताना

दाट तिथीला एकच ताफा दोन-तीन ठिकाणची सुपारी घेतो. तुळशीच्या लग्नानंतर तिथी निघाल्या की लगेच, निदान दोन-तीन महिने आधी, वादकांना गाठा. इसार देताना सरळ विचारा, "त्या दिवशी दुसरी सुपारी आहे का? आमच्याकडून किती वाजता मोकळे व्हायचंय?" मग एका कागदावर लिहून घ्या: माणसं किती, वाद्यं कोणती, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, गाडीभाडं कुणाकडं, रात्रीच्या वरातीत दिवे आणि जनरेटर कुणाचा. यात एकही गोष्ट तोंडी ठेवू नका.

सनईवाल्याला आणखी एक विचारा: सूर धरायला दुसरा माणूस आहे का? एक सनई चाल वाजवते, दुसरी एकच स्वर धरून ठेवते. हा धरलेला सूर नसेल तर एकट्या सनईचा आवाज उघडा वाटतो. संबळ किंवा चौघडा सोबत असेल तर फारच उत्तम. राग माहीत असणारा कलाकार मिळाला तर वेळ सांगा आणि निवड त्याच्यावर सोडा. आपल्याकडं मुहूर्त बहुधा भर दुपारचे असतात. त्या वेळी वृंदावनी सारंग शोभतो, उतरत्या उन्हात भीमपलासी, गोरज मुहूर्ताला यमन किंवा भूप आणि निरोपाला भैरवी. जिवंत सनई परवडत नसेल तर उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या वादनाच्या ध्वनिफिती सहज मिळतात. पाहुणे येऊन बसायच्या वेळी त्या मंद आवाजात लावल्या की मांडव भरल्यासारखा होतो.

हलगीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. बीड, परभणी, लातूरकडच्या खेड्यांत परण्याला हलगीशिवाय रंग नाही, आणि चांगली हलगी ओळखायची तर वाजायच्या आधी बघावी. चामड्याची हलगी असेल तर वादक निघायच्या आधी पऱ्हाट्यांचा किंवा कागदाचा छोटा जाळ करतो, हलगी त्यावर फिरवत शेकतो, मधूनमधून बोटानं टिचकी मारून ऐकतो. हवेतल्या ओलीनं सैल पडलेलं कातडं ताणलं गेलं की 'ढब' असा बसका आवाज जाऊन 'टण' असा खणखणीत आवाज येतो. फायबरच्या पानाची हलगी शेकावी लागत नाही, पण तिच्या आवाजात ती गोलाई येत नाही. तुम्हाला कोणती हवी ते सुपारी देतानाच सांगा. चामड्याची असेल तर शेकायला मोकळी जागा आणि दहा मिनिटं द्या. हा जाळ मांडवाच्या कापडापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब हवा.

हलगी मोकळ्या हवेत फुलते. छतबंद कार्यालयात तिचा आवाज भिंतींवर आदळून कानठळ्या बसतात, म्हणून तिथं दारापर्यंतच वाजवायला सांगा. हलगीबरोबर कडे हे वाद्य, संबळ आणि सनई असा मेळ असेल तर डीजेची गरजच पडत नाही. घोडाही बिथरत नाही, कारण त्याला हलगीची सवय असते. डीजेच्या बेसजवळ घोडा कधी आणू नका.

आणि ही माणसं कलावंत आहेत. त्यांना नावानं हाक मारा, जातीवरून हाक मारायची जुनी खोड घरातल्या कुणाची असेल तर आधीच बजावून ठेवा. परण्या निघायच्या आधी त्यांना पहिल्या पंगतीला, सगळ्यांसोबत बसवा. उपाशी माणसाच्या फुंकीत दम नसतो, हे तर आहेच, पण आपल्या दारी आलेल्या माणसाचा तो मानही आहे. ठरलेली बिदागी त्याच दिवशी हातात द्या. "आहेर मोजून झाला की बघू" म्हणून संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवणं शोभत नाही.

हळद: बायकांना अर्धा तास

हळदीच्या दिवशी हल्ली सकाळपासून स्पीकर लागतो आणि जात्याभोवती बसलेल्या म्हाताऱ्या बायका नुसतं बघत राहतात. त्यांच्याकडं असलेली गाणी कुठल्याच पेनड्राइव्हमध्ये नाहीत. हळद दळताना आणि नवरीला लावताना अर्धा तास स्पीकर पूर्ण बंद ठेवा. आधीच्या आठवड्यात आजी-आत्यांना फोन करून सांगा, "तुमच्या ओव्या हव्यात, विसरलेल्या आठवून ठेवा." ऐनवेळी "म्हणा की" म्हटलं तर कुणी लाजतं, कुणाला शब्द सुचत नाहीत.

ओवी शिकायला सोपी असते, कारण तिची घडण ठरलेली असते आणि त्यात माणसं बदलत जातात. या लेखापुरती जुळवलेली एक ओवी देतो:

मांडवाच्या दारी, कुणी घातला गं सडा
मामाच्या आहेराचा, आला भरुनिया गाडा

मामाच्या जागी चुलता घाला, आत्या घाला, खरं नाव घाला, ओवी पुढं चालत राहते. एका बाईनं पहिली ओळ म्हणायची, बाकीच्यांनी दुसरी उचलायची. तरुण मुलींना दुसरी ओळ द्या, त्या लगेच मिसळतात. घरात आता ओव्या येणारं कुणी उरलं नसेल तर 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह ऐकायला मिळतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांचे आवाजही आहेत. त्यातून चाल उचलता येते. आणि या अर्ध्या तासाचं फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवा, व्हिडिओपेक्षा आवाज नीट येईल असा फोन जात्याजवळ ठेवा.

डीजे, माईक आणि पेनड्राइव्ह

रेकॉर्डवरची गाणी तीन वेळांपुरती ठेवा: पाहुणे येताना, पंगती चालू असताना आणि वरातीत. तिन्हींच्या याद्या वेगळ्या करा. पंगतीत शब्द नसलेलं वादन किंवा मंद भावगीतं असली की माणसं एकमेकांशी बोलू शकतात. वर्षानुवर्षं न भेटलेले पाव्हणे तिथंच भेटत असतात. गाणी निवडताना दोन्ही घरांतल्या एकेका माणसानं यादी पूर्ण ऐकावी. विरहाचं, दारूचं किंवा बाईला हिणवणारं गाणं चाल चांगली म्हणून शिरतं आणि भर मांडवात सगळ्यांची मान खाली जाते. गाणी आधी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्या, कारण हजार माणसं जमली की खेड्यातलं नेटवर्क बसतं. ज्या फोनवरून गाणी लागणार तो विमान मोडवर ठेवा.

माईकच्या बाबतीत तडजोड करू नका. दोन माईक हवेत: एक गुरुजींना, एक मंगलाष्टका म्हणणाऱ्यांना. गुरुजींना हातात माईक दिला तर ते अक्षता कशा टाकणार? त्यांना कॉलर माईक किंवा स्टँड द्या. स्पीकर माईकच्या पुढं, लोकांकडं तोंड करून ठेवा. माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते. मुहूर्ताच्या तासभर आधी शेवटच्या रांगेत उभं राहून स्वतः ऐकून बघा. वीज गेली तर इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर निदान माईक चालू राहील अशी जोडणी करून घ्या. दिवे गेलेले चालतात.

कायदा थोडक्यात

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, ती पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी काढून ठेवा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. वरातीचा रस्ता एकदा पायी चालून बघा आणि अशा जागा टाळा. फेब्रुवारी-मार्चमधलं लग्न असेल तर गल्लीत दहावी-बारावीची पोरं अभ्यासाला बसलेली असतात, त्यांचाही विचार करा. वाटेत कुणाच्या घरी दुःख झालेलं असेल तर तेवढ्या टप्प्यात वाजंत्री थांबवायची, ही आपली जुनी रीत आहे. ती वादकांना आधीच सांगून ठेवा.

काही कार्यालयं गाण्यांच्या परवान्याचे वेगळे पैसे मागतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे. केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागानं (डीपीआयआयटी) २४ जुलै २०२३ च्या जाहीर सूचनेत ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्या सूचनेची प्रत फोनमध्ये ठेवा आणि शांतपणे दाखवा.

वाटं लावताना आणि त्यानंतर

लेक निघते तेव्हा रेकॉर्डवरचं रडकं गाणं लावायची पद्धत पडली आहे, ती सोडावी असं मला मनापासून वाटतं. आईच्या गळ्यात पडून ती जे काही बोलते ते तिचं तिला ऐकू आलं पाहिजे. सनईवर भैरवी, तीही लांबून, किंवा काहीच नाही. गाडी सुरू झाली की हलगी वाजू द्या.

गोंधळ असेल तर गोंधळ्यांना लग्नाच्या वेळीच तारीख द्या. कुलदैवत तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका की अंबाजोगाईची योगेश्वरी, ते सांगा, आणि दोन्ही घरांची मूळ गावंही सांगा, कारण आवाहनात त्यांची नावं येतात. कुळात खंडोबा असेल तर वाघ्या-मुरळीचं जागरण वेगळं सांगावं लागतं. संबळ, तुणतुणं आणि झांज यांना अंगणात माईकची गरज नसते, पण रात्री दहानंतरचा नियम उघड्यावरच्या वाद्यांनाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. आख्यान कोणतं लावणार आणि किती वेळ, ते आधी विचारा. पूर्ण गोंधळ रात्रभर चालतो आणि लहान लेकरं असतील तर आटोपशीर सांगता येतो. गोंधळाच्या मांडलेल्या चौकाभोवती बांधायला उसाची किंवा ज्वारीची पाच ताटं, विड्याची पानं, सुपाऱ्या, खारका, खोबरं आणि दिवटीला तेल, हे सगळं आदल्या दिवशी आणून ठेवा. उन्हाळ्यात हिरवी ताटं ऐनवेळी मिळत नाहीत, म्हणून ज्याच्या रानात विहिरीवरचा ऊस आहे त्याला आठवडाभर आधी निरोप द्या.